तिखटाचा पहारा

"काहून थांबली वो?" ओसरीतल्या खाटेवरून भगवंतराव डोळे मिटूनच ओरडले.

"ठसका लागला, बाबा!" परसातून आकांक्षा बोलली. मुसळ पुन्हा उखळात आदळू लागलं. धप, धप, धप. भगवंतरावांचं घोरणंही लगेच सुरू.

मेंदू मोठा बेरकी! आवाज एकसारखा असला की खुशाल लोळतो. एक ठोका उशिरा पडू द्या, फौजदारासारखा उठून बसतो. भगवंतराव त्याच्याच भरवशावर पोरीवर पहारा देत होते. आवाज थांबला की पोरगी पळाली, असा साधा हिशेब. चार वाजता अकोल्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते, आणि उद्या सकाळी अमरावतीला तिची पोलीस भरतीची धाव होती. "भरती-गिरती काई नाई," त्यांनी ठणकावलं होतं. मिरच्या कुटायला बसवलं ते तिच्या मायनं, ललिताबाईंनी.

पण पोरगी पक्की डांबरट. तिनं कुटण्याचा आवाज मोबाइलमध्ये भरला, पुन्हा पुन्हा वाजेल असा लावला आणि मोबाइल तेलाच्या रिकाम्या पिप्यात ठेवला. पिप्यातून अस्सल धपधप निघाली. तीनची एसटी गाठायची होती. तिनं बॅग उचलली.

ती मागच्या फाटकाशी पोचली, तोच रेकॉर्डिंग संपून पुन्हा सुरू झालं. मधे पापणी लवण्याएवढा खंड पडला. बस्स, घोरणं तुटलं. खाट करकरली.

त्याच वेळी ललिताबाई स्वयंपाकघरातून परसात आल्या. त्यांनी वाजणारा पिपा पाहिला, बॅग पाहिली, पोरगी पाहिली. मायनं एक हाक मारली की खेळ खलास.

"आता काय झालं वो?" भगवंतराव उठू लागले.

ललिताबाईंनी मोबाइल काढून पोरीच्या हातात कोंबला. पदर खोचला आणि मुसळ उचललं. धप, धप, धप.

"कुटून राहिली ना पोरगी! झोपा तुमी!" त्या नवऱ्यावर खेकसल्या. मग पोरीकडे वळून हळूच म्हणाल्या, "पळ. अन् उद्याई असंच पळजो."

घोरणं पुन्हा सुरू झालं.

चार वाजता पाहुणे ओसरीत बसले. परसातली धपधप चालूच होती. भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"आइका," ते कौतुकानं म्हणाले, "आमच्या पोरीचा एक ठोका चुकत नाई."