जयतीर्थाचं मत

सोड्याची तिसरी बाटली शाळेच्या दारात फुटली आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा कान लोंबायला लागला. केंद्राधिकारी व्यासराजांनी म्हाताऱ्याला आत ओढून घेतलं, आपलं उपरणं त्याच्या डोक्याला आवळून बांधलं, आधी त्याचं मत घेतलं आणि मग त्याला दवाखान्यात धाडलं. काय करणार? सत्तावन साल, मद्रासच्या तिरुवल्लिकेणीची ती बोळकंडी, दोन उमेदवारांची माणसं सकाळपासून एकमेकांची डोकी फोडत होती आणि बंदोबस्ताला म्हणाल तर पोलीस चार.

व्यासराज तंजावरकडचे मराठी, कचेरीत हेडक्लार्क, स्वभावानं कडक. बावन सालच्या निवडणुकीत त्यांच्या केंद्रावर एक खोटं मत पडलं होतं. खरा मतदार मागून आला, भांडण जुंपलं आणि पायरीवरच त्याच्या पोटात सुरी गेली. तो मेला. ते व्यासराजांच्या जिवाला असं लागलं होतं की या खेपेला त्यांनी देवापुढं शपथ घेतली होती, काही होवो, आपल्या केंद्रावर खोटं मत एकही पडू द्यायचं नाही.

बाराच्या सुमारास डोकं आणि जबडा फडक्यानं गुंडाळलेला एक आडदांड माणूस टेबलाशी आला. फडक्यावर रक्त. जबड्यावर बाटली बसली, बोलता येत नाही, असं त्यानं खुणेनं सांगितलं आणि चिठ्ठी पुढं सरकवली. जयतीर्थ, वय अडतीस.

व्यासराजांनी मोठ्यानं वाचलेलं नाव ऐकून रांग दोन पावलं मागं सरली. नाव एवढं सोवळं, पण माणूस गल्लीचा दादा, हाताला सायकलची चेन गुंडाळून फिरणारा. आदल्या संध्याकाळीच त्यानं एका फळवाल्याचा डोळा फोडला होता.

पलीकडच्या उमेदवाराचा प्रतिनिधी अमरसिंह बाकावरून उठला. त्यानं हरकत घेतली. जयतीर्थ असा मुकाट उभा राहणारा माणूस नव्हे, म्हणाला, फडकं सोडा, तोंड बघू द्या. बोलायला सोपं होतं. फडक्याला हात लावायला मात्र तोही पुढं होईना.

व्यासराजांनी नियमाचं पुस्तक उघडलं. ओळखणाऱ्या माणसाची साक्ष घ्यायची होती आणि साक्षीदार तर समोरच होता. बायकांच्या रांगेत जयतीर्थाची बायको कनका उभी होती. तिचा डावा डोळा सुजून मिटलेला होता. नवरा तिला रोज मारतो हे सबंध गल्लीला ठाऊक होतं, सोडवायला कोणी जात नसे. व्यासराज स्वतः दोनदा तिच्या किंकाळ्या ऐकून खाली मान घालून निघून गेले होते. त्याची त्यांना लाज वाटे.

तिला पुढं बोलावून त्यांनी विचारलं, "हेच का बाई तुमचे यजमान? नाव सांगा त्यांचं."

कनकानं मान खाली घातली. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे व्यासराजांना सांगायला नको होतं. पण नियम तो नियम. त्यांनी पुन्हा विचारलं.

तेवढ्यात त्या माणसानं फाडकन तिच्या थोबाडीत मारली. ती टेबलावर आपटली, ओठ फाटला, मतदारयादीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. रांगेतलं कोणी हाललं नाही. कनका टेबलाला धरून उठली, पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "हेच."

आता कसली शंका? चारचौघांत बाईवर असा हात नवराच उचलू शकतो. अमरसिंहसुद्धा आपल्या बाकावर जाऊन बसला. व्यासराजांनी नोंद केली: ओळख पटली, बारा वाजून वीस मिनिटं. त्या माणसाच्या डाव्या तर्जनीला शाई लावली.

पडद्यामागं प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी होती. एक कागद टाकायला असा किती वेळ लागतो? पण हा बाहेर येईना. आतून हुंदक्यासारखा आवाज आला. जबडा ठणकत असेल मेल्याचा, असं व्यासराज मनात म्हणाले.

कनकाला घेरी आली. बायकांच्या बाजूला काम करणाऱ्या विमलाबाईंनी तिला बाकावर निजवलं, ती पाच वाजेपर्यंत तिथंच पडून होती.

मतदान संपलं. पेट्या लॉरीत चढवून व्यासराजांनी समाधानानं घाम पुसला. एकही खोटं मत नाही. इतक्यात इन्स्पेक्टर आला आणि त्यांना दोन गल्ल्या पलीकडं कनकाच्या घरी घेऊन गेला.

परसातल्या विहिरीतून जयतीर्थाचं प्रेत काढून ठेवलं होतं. तोंड ओळखू येऊ नये इतकं ठेचलेलं, ओळखलं ते उजव्या हाताला गुंडाळलेल्या सायकलच्या चेनवरून. डावा पंजा मनगटापासून तोडलेला, तो काही सापडला नव्हता, म्हणजे बोटाला शाई होती की नव्हती हे बघायची सोय नाही. डॉक्टर म्हणत होते, जीव रात्रीच गेला असावा, पण पाण्यातल्या प्रेताचं छातीठोक सांगता येत नाही. इन्स्पेक्टरचं म्हणणं सरळ होतं. खून रात्रीचा असेल तर संशय बायकोवर. पण दुपारी तो मत देऊन गेला असेल, तर मग ती तुमच्याच डोळ्यांपुढं पडून होती. त्यानं जबानीचा कागद पुढं केला.

कनका ओसरीवर बसली होती. गालावर पाच बोटं अजून उमटलेली होती. शेजारी तिचा थोरला भाऊ गुरुमूर्ती, चांगला धिप्पाड. दुपारच्या गाडीनं तंजावरहून आला तो हेच बघायला, असं इन्स्पेक्टर हळहळून म्हणाला.

गुरुमूर्ती कॉफीचा पेला दोन्ही हातांनी तिच्या फाटक्या ओठांशी धरत होता आणि मुलासारखा रडत होता. त्याच्या डाव्या तर्जनीच्या नखाशी काळी, ताजी शाई होती. तंजावरचं मतदान व्हायला अजून चार दिवस होते.

व्यासराजांनी कागदावर बारा वाजून वीस मिनिटं असं लिहिलं. खाली सही केली.

"नक्की जयतीर्थच होता?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"नक्की," व्यासराज म्हणाले. "नवऱ्यावाचून बाईला असं दुसरं कोण मारील?"