कोरडी टाळू

नर्सने हेमांगीच्या बाळाचं जरीचं टोपडं काढलं. डॉक्टरीणबाईंनी कोरड्या टाळूवर जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र अलगद टेकवलं. हेमांगीने शेजारी बसलेल्या आपल्या आईचा हात घट्ट धरला.

"मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर असते, तिच्यात प्रवाह दिसत नाहीये," बाई म्हणाल्या. "गुठळी असावी. एमआरआय करून खात्री करू. सकाळचा झटका त्यामुळेच आला असणार. टाळू कधीपासून फुगलीय?"

"आजच," आई पटकन म्हणाली. "झटका आला तेव्हाच दिसली."

म्हणजे वेळेत आणलं. हेमांगीला जरा हायसं वाटलं. समोर जेलीने टाळू चकाकत होती. तेलानेही अशीच चकाकायची. आई रोज आंघोळीआधी तेल थापून टाळू भरायची. परवा मात्र तिचा हात टाळूवरच थबकला होता. "तेल संपलंय," म्हणत तिने टोपडं बांधलं, ते कुणाला सोडू दिलं नाही. संध्याकाळी त्याच वाटीतल्या तेलाने तिने हेमांगीची पाठ चोळली होती.

"आई, तुझ्या हाताला परवाच कळलं होतं ना?"

आईने मान खाली घातली. "काल बारसं होतं गं. तुझ्या सासरचे सगळे यायचे होते. आपल्याकडे बाळ आजारी पडलं, असं त्यांनी म्हणायला नको होतं. एवढं काही असेल असं वाटलं नाही मला."

हेमांगीने आपला हात सोडवून घेतला.

"परवापासून, डॉक्टर," ती म्हणाली. "आणि यापुढे बाळाचं काहीही मलाच विचारा."