भांडणाचं कारण

२०१७ साली द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये छायाला सुपरवायझर करायचं ठरलं. त्याआधी ‘माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं मूल्य’ हा कागद भरून द्यायचा होता. कामाला निघायची वेळ झाली, तरी कागद कोराच होता.

“आई, मला माझंच काही कळत नाही. दुसऱ्या कुणाला करू देत सुपरवायझर.”

सासूबाई, नवसाबाई, मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“नवी नवरी होतीस, तवा माझ्याशी कशावरून भांडली होतीस गं?”

छाया ओशाळली. “जाऊ द्या ना ते.”

“सांग तर!”

“शेतावरच्या बायांना तुम्ही वेगळ्या कपात चहा दिला, म्हणून.”

“तीन दिवस बोलली नाय माझ्याशी. शेवटी मीच ते कप फोडले. लिही की मग तेच!”

छायानं लिहिलं, ‘सगळ्यांना सारखे कप.’

ती सुपरवायझर झाली, आजही आहे. नवसाबाई २०१८ साली धाकट्या मुलासाठी, ज्ञानेशसाठी, मुलगी बघायला सटाण्याला गेल्या. स्वयंपाकाचं, शिक्षणाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. मुलीला जवळ बसवून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “पोरी, घरात शेवटचं कशावरून भांडलीस?”