कुठून कुठे

"आधी तार," काका म्हणाले. "नेटवर्कची तार काढलीत का? मधेच कुणी काही लिहायला लागलं तर सगळंच मुसळ केरात."

"केव्हाच काढली," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काका समाधानाने खाली बसले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी तो सर्व्हर होता. दवाखाना उघडला तेव्हा त्यांनीच तो बसवला होता. आत दोन डिस्क. एकीवर जे लिहावं तेच त्याच क्षणी दुसरीवर उमटायचं, आरशात दिसावं तसं. एक मेली तरी दुसरी राहते, हा त्यातला हिशेब. आता त्यातली एक खरोखरच मेली होती आणि सगळा भार उरलेलीवर होता. तीही म्हातारी झालेली. म्हणून नवी जोडी आणली होती.

काकू स्टुलावर विणकाम घेऊन बसल्या होत्या. आज गुरुवार, म्हणजे डॉक्टरबाईंकडे यायचा वार. त्यांना बरोबर घेऊनच काका आले होते. हल्ली घरी एकटं ठेवून येण्यासारखं राहिलं नव्हतं. तेच तेच विचारायच्या. काका कधी चिडले नाहीत. जन्मभर हिने माझ्या वेळीअवेळी येण्याजाण्याला तोंड दिलं, आता माझी पाळी, असं ते म्हणायचे.

"कुठून कुठे जायचंय हो?" काकूंनी विचारलं.

"जुनीवरून नवीवर."

"आणि उलटं झालं तर?"

काकांनी स्क्रू फिरवता फिरवता पुन्हा सांगितलं. यात भीती एवढीच. जुनी भरलेली, नवी कोरी. पडद्यावर बाण उलटा लागला तर यंत्र निमूटपणे कोरेपणाचीच नक्कल करतं. त्याला काय, हुकमाचा ताबेदार. मग इथे बसून कुणी कितीही कपाळ बडवलं तरी काही परत येत नाही.

"एवढं काय आहे त्यात?"

"माणसं आहेत. कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचं काळीज कच्चं आहे. हे गेलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. म्हणून तर बाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. काय बाई?"

"खरं आहे, काका."

स्क्रू लोण्यात सुरी जावी तसे सुटले. मेलेली डिस्क बाहेर आली. काकूंनी पुढे होऊन, आत राहिलेल्या जुन्या डिस्कच्या कडीला लाल लोकरीचा तुकडा बांधला.

"ही जुनी," त्या म्हणाल्या.

काका हसले. लहान मुलाची समजूत घालावी तसं "बरं बाई" म्हणाले आणि धागा राहू दिला. नव्या डिस्कच्या पाकिटावरच्या चिकटपट्टीचा कोपरा सुटून वर आला होता. हल्ली पाकीटसुद्धा धड बांधत नाहीत, असं ते पुटपुटले. डिस्क मात्र चकचकीत होती. ती खाचेत सरकवली, खट्ट असा आवाज आला आणि त्यांना बरं वाटलं. हा आवाज त्यांना आयुष्यभर आवडत आला होता.

त्यांनी पडद्यावर दिशा निवडली. बोट कळीवर गेलं.

"अहो, कुठून कुठे?"

"सांगितलं ना, जुनीवरून..."

काका थांबले. बाण नवीकडून जुनीकडे होता.

बोट झटकन उचललं. त्यांनी बाण फिरवला, एकदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला आणि मगच कळ दाबली. काकूंच्या सुया थांबल्या होत्या. डॉक्टरबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या, काकांकडे बघत होत्या.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," काका म्हणाले. मग बायकोकडे वळून, "तेच तेच विचारतेस खरी, पण आज वाचवलंस बघ."

"मला काय कळतंय त्यातलं," काकू म्हणाल्या आणि खाली मान घालून टाके मोजायला लागल्या.

चहा निवायच्या आत नक्कल पुरी झाली. नवी डिस्क, पळणारच. मग जुनी काढून दुसरी नवी घातली, तीही भरली. काकांनी एक नाव शोधून पाहिलं. आलं. त्यांनी घाम पुसला.

"तुमच्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता जरा बाहेर बसा. मी काकूंशी बोलते."

हे नेहमीचंच. काका बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. काम झालं की हात रिकामे होतात आणि मग नको ते विचार येतात. एक दिवस ती आपल्याला ओळखणार नाही, याची त्यांना फार भीती वाटायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. जिला सांगायचं, तीच ती.

दार पुरतं लागलं नव्हतं.

"आज पहिल्यांदाच चुकलं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मग काकूंचं रडणं ऐकू आलं. काकांना भरून आलं. काहीतरी विचारलं असेल बाईंनी, आणि चुकलं असेल बिचारीचं. आत जावं का, असं त्यांना वाटलं, पण ते बसून राहिले. समोरच्या भिंतीचा रंग पोपडे धरून निघत होता. ते पोपडे बघता बघता त्यांचं मन शांत झालं.

काकू तोंड धुऊन बाहेर आल्या. मागे डॉक्टरबाईंनी खोलीतला दिवा मालवला. आत मिट्ट काळोख झाला, सर्व्हर चालू असल्याचा हिरवा ठिपकासुद्धा दिसेना. काकूंच्या हातात एक पाकीट होतं. चिकटपट्टीचा वर आलेला कोपरा त्या अंगठ्याने दाबून बसवत होत्या.

काकांनी पाकीट पाहिलं आणि लगबगीने उठून बाह्या सरसावल्या.

"आल्या का नव्या डिस्क? मग चल, कामाला लागू. बाईंना सांग, आधी नेटवर्कची तार काढा म्हणावं."

काकूंनी पाकीट पिशवीत ठेवलं, नवऱ्याचा हात धरला.

"आज नको," त्या म्हणाल्या. "गुरुवारी करू. नेहमीसारखं."