तीन वर्षांचं पिंप

तोकुजिरोंनी मुद्दाम कोपऱ्यातलं तीन वर्षांचं पिंप उघडलं. वरचे दगड उतरवताच वासाने कोठार भरून गेलं. तळ्यातला मासा खारवायचा, भातात दाबून मुरवायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. वर्षभर मुरला की फुनाझुशी तयार होते आणि लोक बोटं चाटून खातात. पण तीन वर्षांची म्हणजे जालीम. गावातले म्हातारेसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत.

बाहेरच्या खोलीत शुनपेई गुडघे मुडपून बसला होता. टोकियोचा पोरगा, मिनेकोला मागणी घालायला आलेला. मिनेको त्यांची एकुलती एक मुलगी. ती गेली की बिवा तळ्याकाठच्या या घरात पिंपं भरणारं कोणी उरत नव्हतं. तोकुजिरोंना हे लग्न नकोच होतं. पण तोंडाने नाही म्हणून वाईटपणा कशाला घ्या? मासाच पाहुण्याला पळवून लावील, याची त्यांना पक्की खात्री होती.

"घ्या पाहुणे, लाजू नका," ते म्हणाले. "अंडी भरलेली मादी आहे. भातासकट खायची हं, पुसून टाकायचा नाही."

शुनपेईने काप तोंडात टाकला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण घास गिळला. दुसरा काप उचलला, मग तिसरा. शेवटी बशीतला आंबूस भातही त्याने काड्यांनी निपटून खाल्ला.

तोकुजिरोंचा चेहरा उतरला. "टोकियोत हे मिळायचं नाही," ते तुटकपणे म्हणाले.

"टोकियोला जातंय कोण, काका?" शुनपेईने नाक पुसलं. "नोकरी सोडून आलोय. तुम्ही हो म्हणालात तर घरजावई होईन, तुमचं आडनाव लावीन. पिंपं भरायला मात्र तुम्हीच शिकवायचं."

तोकुजिरोंचा चेहरा खुलला. मग सगळा राग दारात उभ्या मुलीवर निघाला. "कार्टे, हे आधी सांगायला काय झालं होतं? उगाच त्या बिचाऱ्याला जहर खाऊ घातलं मी!"

मिनेकोने रिकामी बशी उचलली.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही लाडाने वर्षभराचाच मासा वाढला असता, बाबा. आणि हा इथे टिकतो की नाही, ते मला लग्नाआधी बघायचं होतं."