तपकिरी टँग

सुधाकरच्या चार फुटी टाकीत पिवळा टँग मासा तीन वर्षं एकटाच होता. त्याच्या सोबतीला दुसरा कोणता टँग चालेल, हे त्यानं गंधारला विचारलं. समुद्रापासून इतक्या लांब, बुलढाण्यात, मिठाचं पाणी कालवून हे मासे जगवायला त्याला गंधारनंच शिकवलं होतं.

"माहा तपकिरी घेऊन जाय. लय गरीब हाय बिचारा," गंधार म्हणाला, आणि स्वतःच आणून टाकीत सोडून गेला.

चौथ्या दिवशी पिवळा मासा तळाशी मरून पडला होता. अंगभर, टँगच्या शेपटीपाशी असतो तसल्या धारदार काट्यानं ओढल्यासारख्या चिरा होत्या.

"टाकी लहान पडली बे तुही, म्हणून भांडले," गंधार फोनवर म्हणाला. सुधाकरला ते पटलं. आपलंच चुकलं, निदान मित्राचा मासा तरी आपल्या हातून मरू नये, म्हणून तपकिरी टँग झाकणाच्या बादलीत घालून तो गंधारच्या घरी गेला.

दार गंधारच्या बायकोनं, श्रद्धानं उघडलं. झाकण उचलून तिनं आत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काऊन भाऊजी, आमच्या दोन माशांसारखा तुमचाबी मारला का यानं?"