शिंगं कुणाची?

मारलेल्या मूस हरणाच्या अंगात ज्याची गोळी सापडेल, शिंगं त्याची, असा त्यांच्या गावचा नियम. सिक्स्टेन आणि तूर्ब्यॉर्न दोघेही एकाच हरणावर बार काढायचे, पण सोलायला बसायचा तूर्ब्यॉर्न. अकरा वर्षं त्यानं आतून काढून दाखवलेली गोळी त्याचीच, जाडजूड.

"तुझी साडेसहा मिलिमीटरची बारकी गोळी डास मारायला ठेव रे! मूसला माझी नऊचीच लागते," तो खिदळायचा. शेवटी सिक्स्टेननं वडिलांची बंदूक विकून नऊची घेतली.

यंदा तूर्ब्यॉर्नचा हात मोडला, म्हणून त्याच्या बायकोनं सुऱ्यांची पिशवी सिक्स्टेनकडे दिली. तळाशी तपकिरीची जुनी डबी होती. त्यानं सहज उघडली.

आत चेपलेल्या अकरा बारक्या गोळ्या होत्या, आणि जाडी फक्त एक.